राळेची डबी

यासीनभाई, तुझी राळेची डबी माझ्यापाशी आहे. तुझ्या पोरीनं, जैनबनं दिली. रिकामीच आहे, पण मी तिले कोनाड्यात ठेवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो. तुझी वैनी गोदा म्हणते, "एका जागी बसा, नाही तं ती डबी विहिरीत टाकून या." दोन्ही होत नाही माझ्याच्यानं. परवा तुझा चाळिसावा. अकोल्याले जायचं आहे, तुझ्या पोरीसमोर बसायचं आहे, आणि तिनं विचारलं की काका, डबीचं काय केलं, तं काय सांगू ते मले अजून समजलं नाही. म्हणून तुलेच विचारून राहिलो. तू जवाब देणार नाहीस हे माहीत आहे. जिता होतास तेव्हा तरी कुठं सरळ देत होतास.

आपली दुकानं शेजारी-शेजारी, मधात एक लाकडी फळी. इकडं माझे हार, गजरे, शेवंतीच्या टोपल्या; तिकडं तुझे कंदील, चिमण्या, पत्र्याच्या पेट्या. पत्रे जोडायच्या तुझ्या झाळकामाचा धूर फळीवरून माझ्या फुलांवर येत होता आणि मी रोज ओरडत होतो, "यासीन, देवाच्या हाराले धुराचा वास येऊन राहिला." तू म्हणत होतास, "मंग देवाले सांग, शेजारी यासीन आहे. तो समजून घेईन." तीस वर्षं हेच चाललं. आता फळीपलीकडं कुलूप आहे आणि माझ्या फुलांले नुसता फुलांचा वास येते. मले तो आवडत नाही.

मासे पाळायची हौस काही माझी नव्हती. रोज हार नेणाऱ्या वकीलसाहेबांनी बंगला सोडला आणि जाताना पाच लाल मासे माझ्या गळ्यात टाकले. पेटी तूच बनवून दिली. चारी बाजूंनी काच, पत्र्याची चौकट, पाणी गळू नये म्हणून सांध्यांत लांबी भरलेली. दुकानात ठेवली तं गिऱ्हाईक हार विसरून मासेच पाहत बसे. मंग एक दिवस तू पोरीच्या घरून, अकोल्याहून आलास तो हातात काचेची बरणी घेऊन. तिथल्या स्टेशनातला बंगाली बाबू बदली होऊन चालला होता, त्यानं आपल्या मुलखातला एक मासा हौसेनं पाळला होता, तो तुझ्या हवाली केला. बडनेऱ्याले गाडी बदलताना तू बरणी पोटाशी धरून फलाटावर उभा होतास आणि एका बाईनं विचारलं, लोणचं कशाचं आहे. लिंबाएवढा मासा, पिवळट, अंगावर काळा ठिपका. डोळे असे की एक आपल्याकडं पाहते तं दुसरा दुकानाकडं. मी बोट लावलं तसा तळणीतल्या पुरीवाणी टम्म फुगला. मी म्हटलं, हा फुग्या.

"दत्तू, ऐकून घे," तू म्हणालास. "बाबूनं तीन गोष्टी सांगतल्या. एक, याले दुसऱ्या माशांसंगं ठेवायचं नाही, हा त्यांच्या शेपट्या तोडते. दोन, याले गोगलगायी लागतात, शंखासकट. कडक चावायले नाही भेटलं तं याचे दात वाढतात आणि तोंडच मिटत नाही. तीन, मेला तं मांजरीसमोर टाकू नको, मांजर मरन."

"गोगलगायी?" मी म्हटलं. "मी महानुभाव माणूस आहो यासीन. मुंगी वाचवून पाय टाकतो."

"तुले कोण म्हणते खा म्हणून? मासा खाईन."

मी नाही ऐकलं. मले वाटलं, मासा म्हणजे काय, आपण जे देऊ त्याची सवय होते त्याले. मी कणकेच्या गोळ्या केल्या, दातांसाठी खोबऱ्याचे तुकडे टाकले, आणि फुग्याले त्या पाच जणांत सोडून दिलं. तू पेटीकडं पाहत उभा राहिलास. म्हणालास, "हा सोबतीचा मासा नाही, दत्तू." मी म्हटलं, "सोबतीनं माणूस सुधरते, मासा काहून नाही सुधरणार?" तू म्हणालास, "माणूस सुधरते काय, ते पहिले सांग." तिथून तो वाद सुरू झाला, तो अजून मिटला नाही. मिटवायले तू थांबला नाहीस.

पहिल्या आठ दिवसांत पाचही माशांच्या शेपट्या कातरल्यावाणी झाल्या. मी दोष कोणाले दिला? तुले. म्हटलं, तुझ्या लांबीत काही तरी जहर आहे, पाणी नासलं. भर बाजारात म्हटलं, लोक ऐकत होते. तू मासे माझ्या घागरीत काढले, फुग्या बरणीत, सगळी लांबी खरवडली, नवी भरली, पेटी दोन दिवस उन्हात ठेवली आणि पुन्हा आणून दिली. त्या दिवसापासून शेपट्या भरून येऊ लागल्या. फुग्या मधात फिरे, लाल मासे बाजूनं फिरत, कोणी कोणाच्या वाटेले जात नव्हतं.

आमच्या पंथात दीक्षा घेतली की त्याले 'उपदेश घेतला' म्हणतात. मंग मांस बंद, दारू बंद, जीव मारणं बंद. मी रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकताना नाम घेत होतो, आणि मले खरोखर वाटलं की फुग्यानं उपदेश घेतला. मी ते गिऱ्हाइकांले सांगतलं, पाहुण्यांले सांगतलं, रिद्धपूरले जत्रेत चारचौघांत सांगतलं, की माझ्या दुकानात एक मांसाहारी मासा उपदेशी झाला. तिथं एक म्हातारे बाबा होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तो दुसरं काय खाते?" मी म्हटलं, दुसरं काहीच नाही. ते "बरं" म्हणाले. परत येऊन मी हे तुले सांगतलं तं तू खाली मान घालून कंदिलाले कडी बसवत होतास. म्हणालास, "बाबा हुशार आहेत." मले वाटलं तू माझी तारीफ करून राहिला.

आता ती डबी. राळेची. झाळकामाले राळ लागते, तुझ्यापाशी राळेची डबी असणार, त्यात नवल काय. पण रोज सकाळी मी मळ्यातून फुलं घेऊन येत होतो तेव्हा तू माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला, डबी हातात. कधी पेटीच्या काठावर तिची टकटक करत होतास. टकटक झाली की फुग्या सरळ वर येत होता. मले वाटे, याले यासीनचा लळा आहे, याच्याच हातानं आला ना अकोल्याहून. एकदा मी म्हटलं, "काहून रे, राळेच्या डबीच्या झाकणाले भोकं कशाले?"

"राळेले हवा लागते," तू म्हणालास.

आणि मी मान हलवली. तीस वर्षं झाळकाऱ्याच्या शेजारी बसलेला माणूस. राळेले हवा लागते.

तू वाद सोडला नाहीस, हेही खरं. दर दोन-तीन महिन्यांनी तुझं सुरू होई, "दत्तू, फुग्याले येगळं काढ. मी काही जन्माचा पुरणार नाही." मी हसत होतो. म्हणत होतो, तू आणि फुग्या, दोघांचा काय संबंध? मंग लढाई लागली, पत्रा मिळेनासा झाला, तुझे कंदील घासलेटच्या जुन्या डब्यांचे होऊ लागले. त्याच दिवसांत तू साठवलेल्या चांगल्या पत्र्याची दुसरी पेटी बनवली, पहिलीहून लहान, आणि माझ्यासमोर ठेवली. मी भडकलो. म्हटलं, "तो येगळा निघाला तं माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. लोक म्हणतीन, दत्तूचा मासा नापास झाला." तू म्हणालास, "लोक काय म्हणतात त्याच्यावर मासा जगत नाही, बापा." त्यानंतर तीन दिवस आपण बोललो नाही. पेटी तुझ्या दुकानात गेली. तू तिच्यात खिळे ठेवू लागलास.

आणि शेवटचा दिवस. त्याच्याविषयी मी कोणाले सांगतलं नाही, गोदाले सुद्धा नाही. तुले ताप होता, अंगावर घोंगडी होती, जैनबचा नवरा न्यायले आला होता. टांगा उभा होता. तू दुकानाची चावी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "दत्तू, ह्या बार फुग्याले येगळं काढ. मी दहा-पंधरा दिवस नाही." मले राग आला. म्हटलं, एवढ्या तापात माणूस तब्येतीचं बोलते, लेकराबाळांचं बोलते, आणि हा तोच वाद काढून राहिला. मी म्हटलं, "तू आराम कर. माझा फुग्या उपदेशी आहे, तुझ्यावाणी हट्टी नाही."

तू माझ्याकडं पाहिलंस. मंग हसलास आणि म्हणालास, "बरं बापा. तुझं खरं."

तीस वर्षांत तू 'तुझं खरं' म्हणाला नव्हतास. फुलांच्या भावापासून पावसापर्यंत कशातच नाही. तुझा टांगा वळला आणि मी खुश होऊन दुकानात आलो. यासीन, मी त्या दिवशी दिवसभर खुश होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होतो की आज यासीनभाई हरला. माणूस शेवटचा जाऊन राहिला होता आणि मी जिंकल्याचं सांगत होतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी एका लाल माशाची शेपटी अर्धी दिसली. मी पाणी बदललं. मंग दुसऱ्याचं पर गेलं. मी म्हटलं थंडी पडली आहे, रोग आला असन. हळद टाकून पाहिली. आठव्या दिवशी सगळ्यात मोठा मासा तळाशी पडलेला, शेपटी नाही, पर नाही, नुसतं धड, आणि जिता. तोंड हलवत होता. फुग्या त्याच्याच बाजूले उभा, एक डोळा त्याच्यावर आणि एक माझ्यावर. मी तेव्हाही म्हटलं, बिचारा सोबत करून राहिला. खोटं सांगत नाही. डोळ्यांनी पाहूनही मी तसंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. तुझी माती होऊन दोन दिवस झाले होते.

अकोल्याले आलो. जैनबनं तुझी कबर दाखवली, ओली होती अजून. घरी बसलो तेव्हा तिनं ही डबी आणून ठेवली. म्हणाली, "काका, अब्बा तापात एकच बोलत होते. डबी दत्तूले दे. रिकामी आहे म्हणाव. दोनदा-तीनदा म्हणाले, रिकामी आहे म्हणाव." तिले वाटलं तुझा भ्रम आहे. मलेही वाटलं. बडनेऱ्याच्या फलाटावर बसून मी झाकण उघडलं. राळेचा वास नाही. तलावाच्या काठाले येते तो चिखलाचा वास. आणि कोपऱ्यात एक बारीकशी शंखाची कवची चिकटलेली, नखाएवढी. मी तिले बोटानं काढलं आणि पाहत बसलो. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

घरी आलो, गोदाच्या समोर कवची ठेवली. ती चुलीपाशी होती. पाहिलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "म्हणजे संपलं तं."

"तुले माहीत होतं?"

"सहा वर्षांपासून. पेटीले नवी लांबी भरली ना, तेव्हापासून. यासीनभाई रोज पहाटची, फजरची नमाज झाली की वडाळीच्या तलावावर जात होते. तुमी मळ्यातून यायच्या आंधी डबीतल्या चार-पाच गोगलगायी पेटीत टाकत. मी दुकान झाडत होते तेव्हा पाहिलं."

"आणि मले सांगतलं नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणे, वैनी, दत्तूले मासेही पाहिजेत आणि व्रतही पाहिजे. दोन्ही राहू द्या. मले गोगलगायीची सूट आहे." तिनं चुलीत लाकूड सरकवलं. "कणकेच्या गोळ्या लाल मासेच खात होते. ते तं तुमाले दिसायले पाहिजे होतं."

खरं सांगू? पहिले राग आला. सहा वर्षं तू मले गावभर बढाया मारू दिल्यास. रिद्धपूरपर्यंत जाऊ दिलंस. फळीपलीकडून ऐकत होतास आणि कडी बसवत होतास. मंग रडू आलं. गुडघ्याच्या दुखण्यानं नमाजेले बसतानाही 'हाय' म्हणणारा माणूस, तो थंडी-पावसात तलावाच्या चिखलात वाकत होता, कशासाठी, तं दत्तू माळ्याचं व्रत मोडू नये म्हणून. आणि त्याच माणसाले मी भर बाजारात म्हटलं की तुझ्या लांबीत जहर आहे. मंग पुन्हा राग आला. आता दोन्ही संगच येतात आणि मी कोनाड्यापाशी उभा राहतो.

व्रत माझं होतं आणि राबणूक तुझी. मी समजत होतो, माझ्या हातून सहा वर्षांत जीव गेला नाही. हातून नाही गेला, पण माझ्या पेटीत तं रोज गेला. ते पाप कोणाच्या माथ्यावर? तुझ्या म्हणावं तं तू पाप मानतच नव्हतास, तुझ्या लेखी मासा जेवत होता, बस. माझ्या म्हणावं तं मले माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं की पाहायचंच नव्हतं? भोकं पडलेली डबी रोज समोर होती. रिद्धपूरच्या त्या बाबांपाशी जाऊन विचारावं असं वाटते. पण ते म्हणतीन, मी तं तेव्हाच विचारलं होतं.

तू मले सांगायले पाहिजे होतं, यासीन. मी भांडलो असतो, फुग्याले विहिरीत टाकून दिलं असतं, तुझ्याशी महिनाभर बोललो नसतो. पण आज माझ्यापाशी भांडण तरी राहिलं असतं. 'तुझं खरं' म्हणून जाणं हे काही बरं नाही केलंस.

मंग मी तुझं दुकान उघडलं. छोट्या पेटीत खिळे नव्हते. तळाशी धुतलेली रेती होती आणि एक फुटका माठाचा तुकडा आडवा ठेवलेला, माशाले लपायले. जायच्या आंधी कधी तरी, ताप अंगात असताना, तू ते करून ठेवलं होतंस. मी पाणी भरलं आणि फुग्याले तिच्यात टाकलं. मोठा मासा तोवर गेला होता, चार राहिले. ते आता बरे आहेत. तुझं म्हणणं होतं तसंच झालं, तो सोबतीचा नाही. पण यासीन, येगळं काढून अर्धाच प्रश्न सुटला. कणकेच्या गोळ्या तळाशी पडतात आणि पाण्यात विरघळतात. खोबरं तसंच राहते. फुग्याचं पोट आत गेलं आहे. त्याचे दात दिसतात आता, ओठाबाहेर आलेले, आणि तो काचेपाशी येऊन उभा राहते. मी बोटानं काठावर टकटक केली, उगाच. तो वर आला. माझ्या हाताकडं पाहिलं, रिकामा होता, खाली गेला.

उपाशी मारला तं ती हत्या नाही काय? आणि गोगलगाय वेचली तं ती हत्याच आहे. गोदाले विचारलं, "तू टाकशील?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी पाप करायले एक माणूस झाला, पुरे." बरोबर बोलली.

इथपर्यंत काल लिहिलं आणि ठेवून दिलं.

आज पहाट उलटल्यावर मी मळ्याकडं निघालो आणि मळ्याच्या वाटेनं गेलो नाही. वडाळीच्या तलावावर गेलो. डबी बंडीच्या खिशात होती. तुझी जागा कोणती होती मले माहीत नाही, पण काठाले एक चपटा दगड आहे, त्याच्यापाशी बसायले बरं पडते, तिथंच तू बसत असशीन. दगडाखाली त्या होत्या. बारीक, काळ्या, ओल्या. पहिली उचलली तेव्हा ती आत गेली, शंखात. मी तिले परत ठेवलं. मंग पुन्हा उचललं. नाम घ्यावं की नाही ते समजेना, म्हणून घेतलं नाही. एक, दोन, तीन. प्रत्येक बार वाटे, ही शेवटची, आता उठतो. चूक करून राहिलो की बरोबर, ते मले तिथं बसून समजलं नाही आणि आताही समजत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दंडवत प्रणाम, दत्तूभाऊ." आमच्याच पंथातला, वरच्या मळ्यातला माणूस, बैल पाण्यावर घेऊन आलेला. "काय वेचून राहिले इतक्या सकाळी?"

मी डबीचं झाकण लावलं.

"राळ," मी म्हटलं.

त्यानं डबीकडं पाहिलं. "राळेच्या डबीले भोकं?"

"राळेले हवा लागते."

तो मान हलवून बैलांमागं गेला. मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो. उद्या अकोल्याले येतो. जैनबनं विचारलं तं सांगीन, डबी रिकामी नाही म्हणून.